एक तोंड, पन्नास अंदाजपत्रके : दातांच्या ‘सेकंड ओपिनियन’चा इतिहास



नोव्हायमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांकडून मंडळाच्या स्वयंसेवकांना जे प्रश्न येतात, त्यांत शाळा, किराणा आणि ड्रायव्हिंग टेस्ट यांच्या खालोखाल दातांचा नंबर लागतो. नोकरी बदलली, इन्शुरन्स बदलला, म्हणून नव्या डेंटिस्टकडे पहिल्यांदा जावे आणि हातात एक छापील कागद घेऊन बाहेर पडावे : चार कॅप्स, दोन रूट कॅनाल, चारही भागांत डीप क्लीनिंग, जुनी चांदी काढून नवे फिलिंग. खाली हजारो डॉलरची बेरीज आणि बेरजेखाली सहीसाठी रेघ. आधीच्या डेंटिस्टने तर सगळे ठीक आहे म्हणून सांगितलेले असते. मग प्रश्न येतो, “आता खरे कोणाचे धरायचे?”

आमचा व्यवसाय रसायनशास्त्राचा. कोणाच्या कुठल्या दाढेत काय भरावे हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तसा प्रयत्नही इथे करणार नाही. पण हा प्रश्न काही आज पहिल्यांदा पडलेला नाही. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, त्यात आपल्या मिशिगनचाही वाटा आहे. तो माहीत असला की सही करण्याआधी काय विचारायचे ते आपोआप सुचते. म्हणून हा लेख.

पन्नास डेंटिस्टांचा प्रवास

सुरुवात १९९७ पासून करू. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये विल्यम एकेनबार्गर या पत्रकाराचा एक लेख आला आणि देशभर खळबळ उडाली. त्याने केले ते असे : आधी ओळखीच्या, जाणत्या दंतवैद्यांकडून स्वतःचे तोंड नीट तपासून घेतले. त्यांचे मत पडले की एका दाढेला कॅप लागेल, फार तर आणखी एका दाढेकडे लक्ष द्यावे लागेल. मग तो निघाला आणि २८ राज्यांत ५० डेंटिस्टांच्या खुर्चीत बसला. तोंड एकच, एक्स-रे तेच. हाती आलेली अंदाजपत्रके मात्र पाचशे डॉलरच्या आतबाहेरपासून जवळजवळ तीस हजार डॉलरपर्यंत.

अमेरिकन डेंटल असोसिएशनला हा लेख अर्थातच रुचला नाही. एकाच रोगावर एकाहून अधिक योग्य उपचार असू शकतात, हे त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. लेख वाचणाऱ्या सामान्य माणसाने मात्र एकच अर्थ काढला : सगळे लुटारू आहेत.

आमच्या मते हा अर्थ घाईचा आहे. पन्नासांत काही लोभी असतीलही. परंतु पाचशे आणि तीस हजार यांच्यामधले सगळे अंतर लोभाने भरून निघत नाही. त्याचे दुसरे कारण शोधायचे तर मागे जावे लागते.

सगळे दात काढून टाका!

१९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात एक भाषण दिले. तोंडातली घाण, विशेषतः सोन्याच्या कॅप्स आणि ब्रिज यांच्याखाली साचणारा पू, हे अनेक आजारांचे मूळ आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी हाच विचार पुढे नेला. दातातले जंतू रक्तातून सांध्यांत, हृदयात, मूत्रपिंडात जातात आणि तिथे रोग करतात, या सिद्धांताला ‘फोकल इन्फेक्शन’ असे नाव मिळाले. त्यात सत्याचा अंश होता, आजही आहे. पण त्या अंशावर केवढा डोलारा उभा राहिला! संधिवात आहे? दात काढा. थकवा आहे? दात काढा. पुढची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत असंख्य माणसांचे चांगले दात या कारणाने गेले.

याचे सर्वांत भयंकर टोक न्यू जर्सीत गाठले गेले. तिथल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांची खात्री होती की वेडाचे मूळही जंतुसंसर्गातच आहे. त्यांनी रुग्णांचे हजारो दात काढले. तेवढ्याने गुण आला नाही तर टॉन्सिल, आणि तेवढ्यानेही नाही तर आतड्याचे भाग. हा माणूस ढोंगी नव्हता. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते. म्हणजे डॉक्टर प्रामाणिक असला की निदान बरोबर असतेच, असे नाही.

ट्रेंटनच्या हकिकतीत एक ‘सेकंड ओपिनियन’ही आहे. कॉटन यांचे गुरू, जॉन्स हॉपकिन्सचे अ‍ॅडॉल्फ मायर, यांनी १९२४ साली आपल्या सहकारी डॉ. फिलिस ग्रीनेकर यांना तपासणीसाठी पाठवले. त्यांनी रुग्णांच्या नोंदी एकेक करून पाहिल्या, रुग्णांना भेटल्या. निष्कर्ष स्पष्ट होता : ज्यांच्यावर जास्त उपचार झाले ते जास्त बरे झाले असे दिसत नव्हते, चित्र उलटेच होते. पण मायर यांनी तो अहवाल प्रसिद्धच होऊ दिला नाही. दुसरे मत घेतले गेले आणि कपाटात ठेवले गेले. मधल्या काळात रुग्णांचे दात जातच राहिले.

पुढे १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे रसेल सेसिल आणि मरे अँजेविन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दात किंवा टॉन्सिल काढल्याने संधिवात बरा होतो याला त्यांना आधार सापडला नाही. विशेष म्हणजे सेसिल हे पूर्वी याच सिद्धांताच्या बाजूचे होते. स्वतःचे जुने मत मोजून पाहायचे आणि पुराव्यात बसले नाही तर सोडून द्यायचे, याला आम्ही शास्त्र म्हणतो.

एक हजार मुलांचे टॉन्सिल

आता दातांपासून इंचभर मागे, घशाकडे वळू. कारण दुसऱ्या मताबद्दलचा सर्वांत बोलका प्रयोग तिथे झाला.

१९३४ साली अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्क शहरातल्या अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिली २१५. ही ‘ठीक’ ठरलेली मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिली ११६. ती तिसऱ्यांदा दाखवली, तर आणखी ५१ निवडली गेली. हजार मुलांमधून अखेर अवघी ६५ शिल्लक राहिली, ज्यांना कोणीही टॉन्सिल काढा म्हटले नव्हते!

प्रत्येक फेरीत साधारण ४५ टक्के मुले निवडली जात होती, हे पाहा. समोर येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया लागते, असा डॉक्टरांच्या मनात जणू ठसाच होता. यातून दुसऱ्या मताबद्दल एक सावधगिरीची गोष्ट कळते. दुसऱ्या डॉक्टरकडे नुसते जाऊन “तुम्हाला काय वाटते?” असे विचारले, तर आपल्याला आणखी एक यादी मिळते. पहिली यादी चूक की बरोबर हे त्यातून कळतेच असे नाही. दोन याद्यांतला प्रत्येक दात शेजारी शेजारी ठेवून कारण विचारावे लागते.

संघटित रीतीने ‘सेकंड ओपिनियन’ सुरू झाले ते १९७२ साली, न्यूयॉर्कमध्येच. कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. यूजीन मॅकार्थी यांनी काही कामगार संघटनांच्या आरोग्य निधीबरोबर योजना आखली. कामगाराला शस्त्रक्रिया सुचवली गेली की दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे. १९७४ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना दुसरे मत घेणे सक्तीचे होते, त्यांच्यापैकी सहात एकाहून थोड्या अधिक जणांच्या बाबतीत दुसऱ्या तज्ज्ञाने शस्त्रक्रियेला दुजोरा दिला नाही. जे आपणहून शंका घेऊन आले होते, त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ तीनात एक होते. म्हणजे माणसाला जी शंका येते, ती पुष्कळदा अगदीच निराधार नसते. १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीने अनावश्यक शस्त्रक्रियांवर अहवाल दिला आणि त्यानंतर दुसरे मत घेण्याचा खर्च इन्शुरन्स कंपन्या हौसेने देऊ लागल्या.

पण हे सगळे पोट, पित्ताशय, गर्भाशय यांच्याबाबत. दात त्यातून बाहेरच राहिले. का ते समजायला आपल्या मिशिगनमध्ये यावे लागते.

मोटारीच्या गावची डेंटल इन्शुरन्स

आज आपण नोकरी घेताना “डेंटल आहे ना?” असे सहज विचारतो. ही सोय फार जुनी नाही. १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने सभासदांच्या मुलांसाठी दंतोपचाराची योजना मिळवली. त्यातूनच पुढे ‘डेल्टा डेंटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजना जन्मल्या. आपल्या भागात मोठी उडी पडली ती १९७३ साली. युनायटेड ऑटो वर्कर्सने मोटार कंपन्यांशी केलेल्या करारात दातांचा खर्च समाविष्ट झाला. डेट्रॉईटच्या आसपासच्या लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच डेंटिस्टकडे जाणे परवडू लागले. ही मोठीच गोष्ट होती. आज नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन इथे मोटार उद्योगाच्या आधाराने राहणारी आपली कितीतरी मराठी कुटुंबे त्याच परंपरेचा लाभ घेत आहेत.

परंतु या इन्शुरन्सची रचना वेगळी पडली. पोटाच्या शस्त्रक्रियेत खर्च वाढला की कंपनीचे नुकसान वाढते, म्हणून तिला दुसरे मत हवेसे वाटते. दातांच्या पॉलिसीला वर्षाची कमाल मर्यादा असते. १९७० च्या दशकात ती बऱ्याच ठिकाणी हजार डॉलरच्या आसपास होती. आजही अनेक योजनांत ती हजार ते दोन हजारांच्या घरातच आहे. त्यापुढचे सगळे आपल्या खिशातून. दहा हजारांचे काम निघाले तरी कंपनीचे देणे ठरलेलेच, मग ते काम खरेच हवे आहे का हे तपासण्याची गरज तिला फारशी वाटत नाही. आमचा तर्क असा की म्हणूनच दातांचे दुसरे मत घेण्याचे काम घरच्यांवर येऊन पडले.

कंपन्यांनी एक चांगली पद्धत मात्र ठेवली आहे, तिला ‘प्रीडिटरमिनेशन’ म्हणतात. काम सुरू करण्याआधी डेंटिस्टचे ऑफिस यादी आणि एक्स-रे कंपनीकडे पाठवते आणि कंपनी किती पैसे देईल ते लेखी कळवते. ते मिळेपर्यंत काही दिवस जातात. हे दिवसही उपयोगाचे असतात, कारण तेवढ्यात विचार करता येतो.

कीड कधी खोदायची?

आता मुळाशी येऊ. एकाच दाताबद्दल दोन शिकलेली माणसे वेगळे का बोलतात?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक या थोर अमेरिकन दंतवैद्याने फिलिंगचे शास्त्र घडवले. त्यांचा एक नियम असा होता की कीड जेवढी आहे तेवढीच खोदून थांबू नये, पुढे कीड लागू नये म्हणून आजूबाजूचा चांगला भागही कापून खड्डा मोठा करावा. त्या काळच्या चांदीच्या मिश्रणाला आणि त्या काळच्या दातांना तो नियम शोभत होता. तो पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला.

मग १९४५ चा २५ जानेवारी उजाडला. आपल्याच राज्यातले ग्रँड रॅपिड्स हे पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड घालणारे जगातले पहिले शहर ठरले. प्रमाण किती, तर दशलक्षात एक भाग! सुमारे ३०,००० शाळकरी मुलांच्या दातांवर लक्ष ठेवण्यात आले. अकरा वर्षांनी पाहिले तर फ्लोराईड सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतली कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली होती.

इथे थोडे आमचे रसायनशास्त्र. दातावरचे इनॅमल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की हा स्फटिक विरघळू लागतो. थोड्या वेळाने लाळ आम्ल मारते आणि लाळेतलेच कॅल्शियम-फॉस्फेट परत इनॅमलमध्ये जाऊन बसते. फ्लोराईड असेल तर नवा थर आम्लाला अधिक टिकतो. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. याचा अर्थ असा की इनॅमलपुरती असलेली, अजून खड्डा न पडलेली कीड थांबू शकते, भरूनही येऊ शकते. ब्लॅक यांच्या काळी ही गोष्ट उपचारात धरलेली नव्हती. आज ती धरली जाते. म्हणून एखादा डेंटिस्ट “या दातावर नुसते लक्ष ठेवू” म्हणतो, तेव्हा तो आळस करत नसतो. तोही उपचारच आहे, अर्थात सोबत फ्लोराईड आणि खाण्यापिण्यातला बदल असेल तर.

लक्ष ठेवायचे की खोदायचे, ही सीमारेषा मात्र प्रत्येकाची वेगळी. १९८३ मध्ये रिचर्ड एल्डरटन आणि नायजेल नटॉल यांनी स्कॉटलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५ डेंटिस्टांनी तेच १८ तरुण रुग्ण तपासले. या १८ जणांच्या दातांच्या किती पृष्ठभागांवर फिलिंग हवे? एका डेंटिस्टचा आकडा २०, दुसऱ्याचा १५३. एल्डरटन यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. एकदा दात खोदला की तो चक्रात सापडतो. फिलिंग काही वर्षांनी बदलावे लागते, दर वेळी खड्डा मोठा होतो, मग कॅप, मग रूट कॅनाल, मग दात काढणे. पैसे परत मिळवता येतात, खोदलेला दात परत मिळत नाही. ‘सेकंड ओपिनियन’चे खरे महत्त्व आम्हाला इथे वाटते.

हा फरक कमी करायचा तर सगळ्यांची मोजपट्टी एक हवी. २००० नंतर अशी एक पट्टी तयार झाली, ‘आयसीडॅस’ नावाची. किडीला शून्य ते सहा असे अंक द्यायचे : शून्य म्हणजे निरोगी, सहा म्हणजे मोठा खड्डा. ती घडवणाऱ्यांत अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचे अमीद इस्माईल प्रमुख होते आणि डेट्रॉईटमधल्या कुटुंबांच्या दंत-पाहणीत ती वापरली गेली. आपल्या घरापासून अर्ध्यापाऊण तासावरची ही गोष्ट!

तरीही फरक संपलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संशोधकांनी एका माणसाला १८० डेंटिस्टांकडे पाठवले. त्याच्या दाताला फिलिंगची गरज नव्हती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार चारात एकाहून अधिक डेंटिस्टांनी फिलिंग सुचवले. म्हणजे हे केवळ अमेरिकेचे दुखणे नाही. आपल्याकडेही पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांना बोलते करून खाजगी वैद्यकातल्या अनावश्यक उपचारांबद्दल लिहिले आहेच. तेव्हा “डिसेंबरमध्ये इंडियात गेल्यावर सगळे उरकून घेऊ” हे स्वस्त पडू शकेल, पण यादीतले काम खरोखर हवे आहे का, हा प्रश्न विमानात बसल्याने सुटत नाही.

जुनी चांदी काढायची का?

मोठ्या याद्यांमध्ये हे एक कलम पुष्कळदा असते, म्हणून वेगळे लिहितो. ज्याला आपण चांदी म्हणतो ते अमाल्गम, म्हणजे चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण. त्यात जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. त्यावरचे भांडण जुने आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा घेतली. त्या वादात ती संघटनाच १८५६ मध्ये बंद पडली.

१९९० च्या डिसेंबरात ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने हा विषय पुन्हा पेटवला आणि लोक तोंडातली सगळी चांदी काढून घ्यायला धावले. या मोहिमेचे नाव ज्यांच्याशी जोडले गेले, त्या कोलोरॅडोच्या हॅल हगिन्स यांचा परवाना १९९६ मध्ये रद्द झाला. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर स्पष्ट आहे की अ‍ॅलर्जी नसलेल्या रुग्णाला, शरीरातले विष काढतो असे सांगून, डेंटिस्टने स्वतःच्याच सल्ल्याने चांगले अमाल्गम काढणे अनैतिक आहे.

मग पारा सुरक्षित आहे का? नवीन फिलिंगसाठी जग हळूहळू त्यापासून दूर जात आहे. २०१३ च्या मिनामाता करारात त्याचा वापर कमी करण्याचे ठरले आणि युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून त्यावर जवळपास बंदी घातली. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, सहा वर्षांखालची मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण अशा काहींना नवे अमाल्गम शक्यतो टाळायला सांगितले. पण त्याच पत्रकात हेही सांगितले की चांगल्या स्थितीत असलेले जुने फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नये. कारण काढताना पाऱ्याची वाफ होते आणि दाताचा निरोगी भागही जातो. फुटलेले, कडेने उघडलेले, खाली कीड लागलेले फिलिंग ही निराळी गोष्ट. ते बदलावेच लागते.

कागद हातात आल्यावर

आपल्या घरांत डॉक्टरला उलट विचारणे हा उद्धटपणा समजला जाई. त्यामुळे काहीजण मुकाट्याने सही करतात आणि काहीजण मनातल्या मनात डेंटिस्टला चोर ठरवून पुन्हा कुठेच जात नाहीत. दोन्हींत नुकसान आपलेच. इतिहासातून आम्ही जे घेतले ते थोडक्यात असे :

१. घाई कशाला आहे ते आधी ठरवा. सूज, ताप, पू, रात्री झोप न येणारी कळ असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी उपचार घ्या. दुखत नसलेल्या कॅप्सच्या यादीला बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे थांबता येते. “आज सही केली तरच सवलत” हे दाताच्या प्रकृतीचे कारण नाही.

२. एक्स-रे, हिरड्यांच्या मापांचा तक्ता आणि कोडसह यादी मागून घ्या. आरोग्याच्या नोंदींची प्रत मिळणे हा २००३ पासून अमलात असलेल्या संघराज्याच्या नियमानुसार आपला हक्क आहे. ३० दिवसांत ती द्यावी लागते, बिल थकले म्हणून अडवता येत नाही. प्रतीचा माफक खर्च मात्र घेता येतो. त्यामुळे पुन्हा एक्स-रे काढण्याचा खर्चही बहुधा वाचतो.

३. डीप क्लीनिंग सुचवले असेल तर मापे विचारा. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. तीनपर्यंत साधारण ठीक समजतात, चार आणि त्यापुढे लक्ष द्यावे लागते. मापे घेतलीच नसतील तर आधी ती घ्यायला सांगा.

४. दुसरे मत अशा व्यक्तीकडून घ्या जिला ते काम मिळणार नाही. आचारसंहितेतही हेच म्हटले आहे की दुसरे मत देणाऱ्याचा त्या उपचारात हितसंबंध नसावा. भेटीच्या सुरुवातीलाच सांगा, “काम आम्ही तुमच्याकडून करून घेणार नाही, फक्त मत हवे आहे आणि त्याची फी देऊ.”

५. आधी पहिली यादी दाखवू नका. प्रयोगशाळेत एखादा नमुना पुन्हा तपासायला पाठवताना आम्ही पहिले उत्तर कळवत नाही, नाहीतर दुसरे उत्तर त्याच्याकडे झुकते. डेंटिस्टला आधी एक्स-रे आणि तोंड पाहू द्या, त्यांचे मत लिहून घ्या, मग पहिली यादी पुढे करा आणि दोन्ही याद्या दातागणिक ताडून पाहा.

६. प्रत्येक दाताबद्दल तीनच प्रश्न : एक्स-रेवर किंवा आरशात काय दिसते ते मला दाखवाल का? सहा महिने काही केले नाही तर काय होईल? यापेक्षा लहान उपाय कोणता? याची उत्तरे जो शांतपणे देतो, त्या डेंटिस्टवर विश्वास बसायला वेळ लागत नाही, मग तो पहिला असो की दुसरा.

७. भारतातल्या डेंटिस्ट मावसबहिणीला फोनवर एक्स-रे पाठवणे वाईट नाही. तिच्याकडून विचारायचे प्रश्न मिळतील. पण तोंडात न पाहता निदान सांगण्याचे ओझे तिच्यावर टाकू नये.

दुसऱ्या डेंटिस्टनेही तेच सांगितले तर? तर फी वाया गेली असे समजू नका. निश्चिंत मनाने काम करून घ्या आणि शक्य असेल तर पहिल्याकडेच. त्यांनी खरे सांगितले होते.

कोणाकडे जायचे हे सुचत नसेल तर दोन नावे लक्षात ठेवा. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचे दंतवैद्यक महाविद्यालय १८७५ पासून आहे. डेट्रॉईट शहरात युनिव्हर्सिटी ऑफ डेट्रॉईट मर्सीचे महाविद्यालय आहे. दोन्हीकडे रुग्णांसाठी क्लिनिक आहेत, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा होतात, पण खर्च सहसा कमी येतो आणि विद्यार्थ्याला प्रत्येक निदानाचे कारण प्राध्यापकासमोर सांगावे लागते. तेच कारण आपल्यालाही ऐकायला मिळते. जाण्यापूर्वी फोन करून फक्त मत मिळेल का आणि फी किती, हे विचारून घ्यावे.

मंडळाच्या सभासदांत काही दंतवैद्य आहेत. त्यांना आमची विनंती आहे की या लेखात काही राहून गेले असेल किंवा खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने काही सांगण्यासारखे असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवावे. पाहिजे तर हाताने लिहिलेले पाठवा, टाईप आम्ही करू.